बाहेरकाठ्यावरची पहिली टोपली

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण वेळ कळली नाही असं कधी झालं नाही. खाडीकडच्या मोठ्या बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली पाण्याची वाट आणि तिच्या तोंडाला लाकडी झापड. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी ते झापड ढकलून खाडीत निघून जायचं, आणि भरती आली की खाडीचंच पाणी झापड बाहेरून दाबून बंद करायचं. बंद होताना थाड असा आवाज व्हायचा. तो आमच्या ओटीपर्यंत ऐकू यायचा. आवाज आला की माझी आय हातातलं काम थांबवून एवढंच म्हणायची, "पानी फिरलं," आणि बा खुंटीवरचं इरलं घेऊन बांधावर निघायचा. भरती उतरेपर्यंत तो घरी यायचा नाही आणि तो आल्याशिवाय आय कुणाला वाढायची नाही. भरती रोज थोडी पुढे सरकते, म्हणून आमचं जेवणही रोज थोडं पुढे सरकायचं. कधी सकाळीच जेवून मोकळे, तर कधी दुपार कलली तरी पोटात कावळे ओरडताहेत. शाळेतल्या बाई "जेवलीस का गं?" असं विचारायच्या तेव्हा मी "अजून भरती हाय" असं उत्तर द्यायचे, आणि त्यांना वाटायचं पोरगी चक्रम आहे.

घर कुडाचं, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि माणसं म्हणाल तर बा, आय, मी हिरा, आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. शेतात राता पिकायचा. तांबड्या दाण्याचा, खारट जमिनीत तग धरणारा जाडा तांदूळ. आज तो मुंबईच्या दुकानांत छोट्या पिशव्यांतून मिळतो आणि माझी सून तो तब्येतीसाठी म्हणून कौतुकानं आणते. आम्ही तो खाल्ला कारण दुसरं काही नव्हतं. रात्याची भाकरी तव्यावरून उतरली की आय तिच्यावर निखाऱ्यात भाजलेलं सुकट चुरायची आणि वर कच्च्या कांद्याची फोड. पावसाळ्यात निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या बारक्या माशांचं, कालवण असायचं, चिंबोरीचा रस्सा असायचा. चिंबोरी आमच्याकडे दोन कारणांसाठी मारली जायची, एक खायला आणि दुसरं रागानं. कारण ती बांधाला बिळं पाडते. बा जेवायला बसला की नांगी फोडताना तिला शिव्या घालायचा, आणि मग बोटं चाटूनपुसून खायचा.

हे शेत देवानं दिलेलं नव्हतं. ते समुद्राकडून काढून घेतलेलं होतं. माझा आजा सांगायचा की त्याच्या आज्याच्याही आधी कधीतरी इथं नुसता चिखल होता आणि तिवरांची, म्हणजे खारफुटीची दाटी होती, रोज दोन वेळा भरतीचं पाणी आत येऊन जायचं. मग आमच्या माणसांनी चिखलाची ढेकळं कापून, हातोहात पुढे देऊन, मधे पेंढा दाबून बांध रचला. त्याला बाहेरकाठा म्हणायचे. आतल्या जमिनीवर कितीतरी पावसाळे नुसता पाऊस पडू दिला, मीठ धुऊन जाऊ दिलं. आधी लव्हाळे उगवले, मग गवत, आणि गवत गोडं लागतंय असं गुरांनी सांगितल्यावर माणसांनी मोड आणलेलं बी फेकलं. ऐकताना मला ते घर बांधल्यासारखं वाटायचं, फक्त घर एकदा बांधलं की झालं आणि हे रोज बांधावं लागायचं. आता आमच्या बाजूच्या नागावला येणारे पाहुणे माडांच्या सावलीत झोपाळ्यावर बसतात आणि काय निसर्ग आहे म्हणतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण तिथला एकेक माड कुणीतरी खड्डा खणून, पाणी शेंदून वाढवलेला आहे. आमच्या किनाऱ्यावर आपोआप झालेलं फार थोडं आहे, आणि हे मला लहानपणीच कळलं, कारण ते राखण्याच्या धास्तीतच आमचं घर चालायचं.

बांधाचे वाटे पाडलेले होते. ज्याचं शेत मागे, त्याचा बांध पुढे. वाट्यांच्या मधे शिवेचे दगड रोवलेले. आणि एक नियम होता, तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. कुणाच्या वाट्याला भगदाड पडलं तर गाव धावून यायचं, पण मातीची पहिली टोपली त्याच घरच्या माणसानं टाकायची. त्यानं टाकली की मग शंभर हात लागायचे. त्यानं टाकली नाही, तर कुणी बोट लावायचं नाही. पूर्वी म्हणे परक्या वाट्यावर माती टाकून टाकून लोकांनी जमिनी आपल्या केल्या होत्या, डोकी फुटली होती, त्यातून हे ठरलं. जो बांध राखतो त्याची जमीन, असा सरळ हिशेब. म्हणून दुसऱ्याच्या बांधाला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

आमच्या वाट्याला लागून माझ्या काकाचा वाटा होता. काका बापेक्षा मोठा, मुंबईला गोदीत कामाला. त्याला मूलबाळ नव्हतं. काकी गणपतीत आली की माझ्या केसांना सुवासिक तेल लावायची, रिबिनी बांधायची आणि बांधता बांधता मधेच थांबून नुसती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसायची. मला ती आवडायची. आजा होता तोवर बाच दोन्ही वाटे राखायचा. आजा गेल्यावर वाटण्या झाल्या, कुठल्याशा भांड्याकुंड्यांवरून शब्दाला शब्द लागला, आणि काका चारचौघांत म्हणाला, "तू माज्या बांदावर माती टाकतोस ती उगाच न्हाय. उद्या बोलशील, राखला मी, जमीन माजी." बाचा चेहरा मला अजून आठवतो. तो तसाच उठला, बांधावर गेला, तिथल्या शेंदूर फासलेल्या देवाच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुज्या वाट्यावर माजी माती पडली तर ती माज्या तोंडात पडंल." आमच्याकडे अशी शपथ घेतली की ती मोडायची सोय नसते. काका मुंबईला गेला, आणि त्याच्या वाट्यावर चिंबोऱ्यांचं राज्य सुरू झालं.

त्या वर्षी पाऊस चांगला लागला होता. राता गुडघ्याला आला होता. श्रावण लागल्यावर एका दुपारी मी बाला भाकरी द्यायला बांधावर गेले, तर तो शिवेच्या दगडापाशी उकिडवा बसून काकाच्या वाट्याकडे बघत होता. बांधाच्या आतल्या अंगाला पाणी झिरपत होतं. मी वाकून बघायला गेले तशी त्यानं मला मागे ओढलं. "निवल पानी येतंय तवर भ्याव न्हाय," तो म्हणाला. "गढूल यायला लागलं का समजायचं, बांद आतून खाल्ला जातोय." मी विचारलं, "मंग आता?" भाकरी तशीच फडक्यात राहिली. बांधाच्या त्या तुकड्यामागे फक्त आमचं आणि काकाचं शेत होतं. बाकी गावाची जमीन आणखी आत, दुसऱ्या बांधामागे सुखरूप होती. म्हणजे बुडणार होते ते हे दोघे भाऊच, म्हणजे खरं तर आम्हीच, कारण काकाला गोदीचा पगार होता.

बांधाची पंचायत बघायचे ते पोशाबुवा. म्हातारा वाळलेला माणूस, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. ते रेवसहून लाँच धरून मुंबईला गेले, काकाला भेटले आणि परत आले ते थेट आमच्या ओटीवर. आयनं पाण्याचा तांब्या ठेवला. मी कुडामागे चूल फुंकत होते, खरं म्हणजे फुंकायचं सोडून ऐकत होते.

"येत न्हाय बोलतो," पोशाबुवा म्हणाले. "बोलतो, माज्या वाट्यावर माज्याच घरचं मानूस पयली टोपली टाकंल. आन् माज्या घरात मानूस कोन हाय? हिराला माज्या नावानं टोपली टाकू दे. टोपली टाकली का पोर माजी. मंग बांद तू राख, शेत तू कर, मना दाना नको."

आय म्हणाली, "पोर काय चिखल हाय काय, हिकडचा उचलून तिकडं टाकायला?"

"मी मागत न्हाय गो बाय, मी निरोप सांगतो," पोशाबुवा म्हणाले. मग आवाज उतरवून, "आन् पोरगीच तर हाय. उद्या लगीन होऊन जायाचीच हाय. मुंबईला नलाचं पानी हाय, शाला हाय. ती बाय जीव लावंल तिला. हिकडं पोरं दोन हायत, त्यांना खायाला शेत नको?"

ते वाईट माणूस नव्हते. आज मी त्यांच्या वयाची झाले आहे, आणि मला दिसतं की ते जे बोलले ते गावातल्या कुणाही शहाण्या माणसानं बोलावं असंच होतं. पण तेव्हा कुडामागे चूल विझली तरी मला कळलं नाही. ते गेल्यावर बा आणि आय यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण बोलणं झालंच नाही. तेच जास्त भीतीचं होतं. आयनं आवाज चढवला असता, बानं भांडं आपटलं असतं, तर मला अंदाज आला असता. दोघंही गप्प राहून कामं करत होती.

मग अमावास्येच्या मोठ्या भरतीपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगायला लागले तर हसू येईल. प्रत्येक गोष्टीत मला माझी पाठवणी दिसायची. आयनं माझा शाळेचा चांगला झगा धुतला आणि पावसामुळे चुलीवरच्या दांडीला टांगून वाळवला, तर मी समजले, जायची तयारी. बानं स्वतःच्या ताटातली गाबोळी, माशाची अंडी, उचलून माझ्या ताटात ठेवली, तर घास गिळेना. कधी मला वाटायचं, देतील. कधी वाटायचं, नाही द्यायचे. माझा धाकटा भाऊ एकदा सरळ विचारून बसला, "हिरे, तू गेल्यावर तुजी गोदडी मना?" आयनं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की तो रडायलाही विसरला. पण तिनं "हिरा कुठं जात न्हाय" असं म्हटलं नाही. मी ते वाक्य यायची वाट बघत राहिले. ती भाकरी थापत होती, आणि थापता थापता ती एकसारखी फाटत होती.

मी रोज शाळेतून येताना बांधावरून यायचे आणि झिरपणारं पाणी बघायचे. निवळ असलं की पाय हलके व्हायचे. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, मला काकीकडे जायची भीती नव्हती. तिथं नळ होता, पाव होता, रिबिनी होत्या. भीती याची होती की मला देतील. जाणं वेगळं आणि दिलं जाणं वेगळं, हे त्या वयात शब्दांत सांगता येत नव्हतं. आणि त्याच वेळी, रात्याचं हिरवं शेत वाऱ्यानं वाकताना दिसलं की वाटायचं, माझ्या एका टोपलीनं हे राहणार असेल तर मी कोण लागून गेले? दोन्ही गोष्टी एकदम वाटायच्या.

अमावास्येला आमच्याकडे भरती भर दुपारी चढते. सकाळपासून पश्चिमेचा वारा होता, पाऊस तिरपा लागत होता. गाव बांधावर जमलं. टोपल्या, कुदळी, पेंढ्याचे भारे, खुंट, सगळं घेऊन माणसं शिवेच्या दगडापर्यंत येऊन थांबली, जशी दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर थांबतात. बा दगडाच्या अलीकडे उभा होता. पाय इतके जवळ की अंगठा दगडाला लागत होता. पलीकडे काकाचा वाटा आणि त्यातून येणारं पाणी. सगळे त्या पाण्याकडेच बघत होते. ते गढूळ झालं तेव्हा कुणी ओरडलं नाही. फक्त कुणीतरी म्हणालं, "आलं."

पोशाबुवांनी एक टोपली भरून माझ्या पुढ्यात ठेवली. "हिरा, उचल," ते म्हणाले. "वेल न्हाय आता."

मी बाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, बांधाकडेही नाही, मधेच कुठंतरी बघत होता. आय मागे होती, डोक्यावर पोतं घेतलेली, पदर दातांत धरलेली. ज्या प्रश्नाचं उत्तर मोठी माणसं देत नाहीत ते मुलांनीच द्यायचं असतं, असं मला वाटलं असावं. मी वाकले आणि टोपली उचलली. ओला चिखल फार जड होता. डोक्यावर घेतली तशी मचूळ पाण्याची धार कपाळावरून डोळ्यांत आली. मी दगडाच्या दिशेनं पाऊल टाकलं, मग दुसरं. माझा पाय दगडापलीकडे पडणार, तेवढ्यात मनगट कुणीतरी इतकं घट्ट धरलं की टोपली डोक्यावरून घसरून आमच्याच वाट्यावर पडली.

"जाऊ दे," बा म्हणाला.

"काय जाऊ दे?" पोशाबुवांनी विचारलं.

"बांद जाऊ दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "येडा जाला काय रे, उभं पीक हाय." बानं मान वळवली नाही. म्हणाला, "माजा इचार व्हत नव्हता. तिनं टोपली उचलली तवा जाला." यापेक्षा मोठं भाषण मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नाही. बांधाच्या माथ्यावरून आधी एक ढेकूळ घसरलं, मग हातभर रुंद काप गेला, आणि तपकिरी पाणी आत आलं. धबधबा वगैरे नव्हता. नांगराच्या फाळासारखं ते शेतात घुसलं, आणि रात्याची रोपं एका बाजूनं आडवी होत गेली. लोक थोडा वेळ थांबले, मग टोपल्या उलट्या करून डोक्यावर घेऊन एकेक करून परतले. आम्ही तिथंच होतो. बानं माझा हात सोडला नव्हता. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ पुढे बरेच दिवस होते, आणि ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं.

त्या दिवसापासून उघाडीचा आवाज बंद झाला. दोन्हीकडे पाणी सारखंच, झापडाला दाबायला कारण उरलं नाही. आमचं जेवण कोणत्याही वेळी होऊ लागलं. दुसऱ्या वर्षी बांध परत घालता आला नाही, कारण भगदाड काकाच्याच वाट्यात होतं. उन्हात जमिनीवर मिठाचा पांढरा थर चढला. मग एका पावसाळ्यात चिखलात तिवराची बारीक रोपं दिसायला लागली. कुणी लावली नव्हती, भरतीनं आणली होती. बा आधी ती उपटायचा. पुढे त्यानं सोडून दिलं. तो मिठागरावर राबला, नंतर ट्रकवर हमाली केली, आणि आम्ही तिघं भावंडं शिकलो ती अशी, आयच्या सुक्या मासळीच्या पाटीवर आणि बाच्या पाठीवर.

काका दिवाळीला आला होता. बांधावर जाऊन एकटाच उभा राहिला, मग ओटीवर आला. "एवढी काय पोर जड होती तुला सोडायला?" त्यानं विचारलं. बा म्हणाला, "तुजी असती तर कललं असतं." असं बोलायला नको होतं हे त्यालाही बोलल्या बोलल्या समजलं. काका रडला. आयनं त्याला जेवायला वाढलं, आणि तो जेवला. काकी पुढेही गणपतीत यायची, रिबिनी आणायची, पण तेल लावताना डोक्यावर हात ठेवून बसायची ती बंद झाली.

मागच्या वर्षी माझी नात मला खाडीत होडीतून फिरायला घेऊन गेली. हल्ली तसली सहल निघते, दुर्बिणी देतात, पक्षी दाखवतात. जिथं आमचं शेत होतं तिथं आता उंच दाट तिवरं आहेत, आत ऊन पोचत नाही, फांदी तोडली तरी गुन्हा. होडीवरचा मुलगा आवाज बारीक करून म्हणाला, इथं माणसाचा हात कधी लागलेला नाही. त्याचं त्या जंगलावर मनापासून प्रेम होतं आणि त्यानं दाखवलेला खंड्या खरोखर सुंदर होता. पण मला दिसत होतं की एका जागी झाडं सरळ रांगेत उभी आहेत, बाकीच्यांपेक्षा उंच, कारण त्यांच्या मुळाशी बाहेरकाठा आहे. ती रांग मधेच एका ठिकाणी तुटते. मी नातीला तिथं बोट दाखवून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आजी, हे जंगल पणजोबांनी केलं?" मी म्हटलं, हो, मला न देऊन केलं. बोलून गेले आणि मलाच रडू आलं, होडीवरच्या मुलानं घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

बा थकल्यावर मी त्याला एकदा विचारलं होतं की मला दिलं असतंस तर शेत राहिलं असतं, कधी वाटलं नाही का? तो म्हणाला, "शेत राहिलं असतं. मंग मी बांदावर हुबा राहून मुंबईच्या अंगाला बघत बसलो असतो. भात कापला कोनी असता?"

त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. श्रावणातली ती अमावास्या म्हणजे पिठोरी. आमच्याकडे आई त्या दिवशी लेकरांसाठी उपास करते. संध्याकाळी पूजा झाली की खीर-पुरीचं वाण हातात घेऊन खांद्यावरून मागे धरते आणि मागे न बघता विचारते, अतीत कोण? मागे उभं असलेलं मूल आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. इतक्या सगळ्यानंतर आय या वर्षी काही करणार नाही असंच मला वाटलं होतं. बा भिंतीला टेकून बसला होता, पायावरचा चिखल तसाच. पण आय अंगावरचं ओलं लुगडं बदलून आली, पाट मांडला, दिवा लावला. मला मागे उभं केलं, भावांच्या आधी. तिनं खांद्यावरून हात मागे केला.

"अतीत कोन?"

"मी, हिरा," मी म्हटलं.

तिनं वाण सोडलं नाही. मी धरलं होतं, तिनंही धरलं होतं. "कोनाची हिरा?" तिनं विचारलं. असं विचारायची रीत नव्हती, आधी कधी विचारलं नव्हतं, पुढेही कधी विचारलं नाही.

"तुजी," मी म्हटलं. "आन् बाची."

मग तिनं हात सोडला. भिंतीकडून बाचा एक हुंदका आला, आणि त्यानं तो खोकल्यात लपवला. आम्ही खीर खायला बसलो. मागच्या सालच्या रात्याची होती, तांबूस, घट्ट. पुढच्या पिठोरीला घरचा तांदूळ नसणार हे माझ्या धाकट्या भावालाही कळत होतं. तरी आयनं कणगीतला तांदूळ राखून ठेवायचा विचार केला नाही, आणि माझं संपल्यावर न विचारता मला पुन्हा वाढलं.